पश्चिमेची जाळी

१० मे, शनिवार

विचुंब्याच्या समाजमंदिरात आज पहिली हळद झाली. पश्चिमेच्या भिंतीत मी विटांची जाळी ठेवली, तेव्हापासून सरपंच नानांचा एकच धोशा: "ती बुजव आनि एसी लाव." आजची हळद बघून ते ठरवणार होते. वारा पडला तर? मला बसवेना.

लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण आजी मध्येच थांबली. "पंखे बंद करा रं, माजा आवाज कुनाला जात नाय."

पंखे थांबले. जाळीतून खाडीचा वारा येत राहिला. गाणी संपली तरी कोणाला पंख्यांची आठवण नाही.

निघताना नानांनी जाळीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. माज्या घराला कदी करतोस?"

कॉलेजची पायरी न चढता मी केलेली जाळी आहे ती. पण त्यांच्या हाताखालची एक वीट सूतभर बाहेर दिसली. उद्याच बसवतो.