टिंबाला हद्द मिळाली त्याची हकीकत

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असेल आणि मी घडवलेली कवळी वाटीत न राहता तोंडात राहत असेल, असं धरून चालते. (खालची टोचत असेल तर मी घासून देईन, पण कृपा करून स्वतः कानस हातात घेऊ नका. मागच्या वेळी घेतलीत आणि आठवडाभर नुसतं सूप पीत बसलात.) मामी ठणठणीत आहे हे मला ठाऊक आहे. कसं, ते पुढे येईलच.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की दिवसभर लोकांच्या दातांचे साचे करणारी बाई जगाच्या नकाशात कशाला नाक खुपसते. सांगते. जगात जिथे जिथे जंगल, डोंगर, दलदल राखून ठेवलेली आहे, त्या सगळ्यांची इंटरनेटवर एक सामाईक नोंद आहे. ती कोणीही पाहावी, कोणीही दुरुस्ती सुचवावी, फक्त दुसऱ्यांनी तपासल्याशिवाय ती लागू होत नाही. आपली पाणथळ त्यात आहे, पण तिची हद्द आजवर कोणी पाठवलीच नव्हती, म्हणून तिच्या जागी नुसतं एक टिंब. तुमच्या समितीपुढे जो नवा रस्ता आलाय, तो आखणाऱ्या इंजिनियरने तेच टिंब दाखवून सांगितलं, की रस्ता टिंबाला वळसा घालून जाईल, काळजी नसावी. म्हणजे उरलेलं पाणी, बदकं, बगळे सगळे भरावाखाली. मामा, माझं डोकंच फिरलं. अध्यक्ष म्हणून तुम्ही निकाल द्यायच्या आत टिंबाची हद्द करायचीच, असं मी ठरवून टाकलं.

पाणथळ राखून ठेवणाऱ्या जुन्या सरकारी हुकमात हद्द एका वाक्यात आहे: लव्हाळ्यांच्या बाहेरच्या कडेने. तेव्हा फोनमध्ये वाटेची नोंद चालू केली आणि कडेकडेने निघाले. फोन मोठा इमानी निघाला. मी चहाला वळले, तोही वळला. चष्मा टपरीवर राहिला म्हणून परत गेले, त्याने तेही टिपलं. एक कुत्रं मागे लागलं तेव्हा मी एका झाडाभोवती किती फेऱ्या मारल्या ते मला आठवत नाही, त्याला आठवतं. घराची किल्ली आमच्या यांच्याकडे राहिली होती आणि हे सलूनमध्ये दाढीला बसले होते, म्हणून मी त्यांच्या खुर्चीमागून हात घालून किल्ली काढली. शेवटी पाणथळीची प्रदक्षिणा पुरी केली आणि एवढी दमले होते की न बघताच पाठवून दिलं.

या नोंदीवर काम करणाऱ्या आमच्या गटात तपासायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची एक ग्रंथपाल आहे आणि बोटीवरून निवृत्त झालेला एक खलाशी आहे. ग्रंथपाल बाईंनी फार अदबीने विचारलं, की या संरक्षित क्षेत्राचा एक लांब हात बाजारात जाऊन एका खुर्चीला विळखा घालतो, तिथे कोणता प्राणी राहतो? (यांना मी अजून हे सांगितलेलं नाही.) खलाशाने झाडाभोवतीच्या गुंत्याची चौकशी केली, ती विणीची जागा आहे का म्हणून. मी खरं ते कळवलं. दोघं पोट धरून हसले असावेत, पण सोडून द्या असं एकानेही म्हटलं नाही. खलाशाने चुकीची रेघ कापायची कशी ते शिकवलं. बाईंनी जुना हुकूम शब्दन्‌शब्द लावून दिला. मी पुन्हा निघाले, या वेळी चहा न पिता.

आणि नेमका तेव्हाच तुमचा फोन आला, की काठावरची माझी होडीची शेड हद्दीबाहेर राहील अशी रेघ घे, घरच्या माणसाला एवढं चालतं. नाही चालत, मामा. कवळी केसभर सरकली तर माणूस जेवू शकत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? तुमची शेड सोडली तर उद्या इंजिनियर तेवढीच जागा रस्त्याला मागेल आणि माझ्याकडे उत्तर नसेल. याच पाण्यात तुम्ही मला पोहायला शिकवलंत. तेव्हा तिथे शेड नव्हती. मला ते पाणी हवं आहे, आणि त्यासाठी तुमचा राग ओढवून घ्यायला लागला तरी मी घेईन.

तुमची (एवढी बाब सोडून) आज्ञाधारक
भाची

ता. क. आता मुद्द्याचं. बैठकीआधी शेड हलवा. अध्यक्षांचीच शेड हद्दीत असेल तर रस्त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? (तोंड मी दुरुस्त करते, पण तेवढ्यापुरतंच.)

ता. क. २. तुम्ही म्हणाल, भाचीच्या रेघेत कुत्रं होतं, तिचा काय भरवसा. बरोबर आहे. ग्रंथपाल बाईंनाही तेच वाटलं. त्यांनी अट घातली, की इथल्याच दुसऱ्या कोणीतरी, मला न विचारता, स्वतंत्रपणे चालून दाखवावं. ती मामी. तिने चहा घेतला नाही, आणि कुत्र्याने तिला पाहून वाट सोडली. शेडसाठी तुम्ही लव्हाळे तोडलेत त्यांचा एकूणएक खुंट तिला पाठ होता, कारण तोडताना तुमच्यावर ओरडायला तीच उभी होती. माझी रेघ शेड आत घेऊन तिच्या मागच्या, जमिनीकडच्या भिंतीला टेकून थांबली होती. मामीच्या रेघेत शेड तर आहेच, शिवाय मागचा बाक आहे आणि तुमच्या आरामखुर्चीचा एक पाय आहे. ग्रंथपाल बाई आणि खलाशी, दोघांनी तिचीच मंजूर केली. आता जगाच्या नोंदीत टिंब नाही, हद्द आहे. शेड हलवा, मामा. रेघ मामीची आहे, ती हलायची नाही.