कडेचे दोन मासे

चिकपेट, बेंगळूर
२ जून १९५८

चि. त्रिविक्रमास अनेक आशीर्वाद.

चिकपेटेत तुझी एक आजी असते. आठवत नसेल तर ओळख सांगते, लहानपणी तुझं नाक पुसणारी ती मीच. मंगळूरला गेल्यापासून तुला माशांची नावं पाठ झाली, माणसांची विसरलास. आचार्यांच्या घरचा मुलगा मासे बघायचा पगार घेतो, हे मी शेजारी सांगत नाही. समुद्राकडे सरकारी काम करतो, एवढंच.

हे पत्र नेहमीसारखं तुझी बहीण वसुमतीच लिहिते आहे. तिला म्हैसूरच्या ट्रेनिंग कॉलेजात जागा मिळाली. पण आपल्यातली मुलगी आजवर वसतिगृहात राहिली नाही, म्हणून तुझा बाप शेषगिरी नको म्हणतो. तो म्हणतो म्हणून हयवदनकाका नको म्हणतो, आणि हयवदन म्हणतो म्हणून बिंदुमाधवकाका. वर शेषगिरीने तुझ्याच पत्रातलं वाक्य तोंडावर फेकलं, की मासेसुद्धा थव्याने राहतात, एकटा सुटला की गिळला जातो.

तर नीट कळव, मासे एकत्र का पोहतात? आणि थवा वळतो तेव्हा आधी कोण वळतं? स्वल्प घाई कर. कॉलेज उघडायला आलं, आणि वसू इथे दौत पुसत बसली आहे.

तुझी (आठवत असल्यास) आजी, कृष्णाबाई


मंगळूर
७ जून १९५८

ती. गं. भा. आजीस कृ. सा. न. वि. वि.

नाक पुसल्याचं स्मरण आहे. जरा जोरातच पुसायचीस.

अण्णांनी माझं पत्र अर्धंच वाचलं. थव्यात शत्रूला नेमका एक मासा हेरता येत नाही, आणि अनेक डोळ्यांना धोका लवकर दिसतो, म्हणून ते एकत्र राहतात. पण थव्याला पुढारी नसतो. जो तो शेजाऱ्याकडे बघून पोहतो. कडेचे दोनचार वळले की शेजारचे वळतात, आणि बघता बघता सगळा थवा फिरतो.

अण्णांना मी लिहू का? वसूला धीर दे. माझ्यावरचा लोभ रागावण्यातून का होईना, दिसू दे.

तुझा त्रिविक्रम


चिकपेट, बेंगळूर
२२ जून १९५८

चि. त्रिविक्रमास अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. लेखणी हयवदनच्या हातात आहे, कारण वसू म्हैसूरला गेली.

बापाला तू लिहायची गरज पडली नाही. एकादशीच्या संध्याकाळी मी हयवदनला सांगितलं की बिंदुमाधव तयार आहे, आणि बिंदुमाधवला सांगितलं की हयवदन तयार आहे. दोघेही म्हणाले, आपलं मनातून तेच मत होतं. (हे लिहायला हयवदन राजी नव्हता. स्वयंपाक मी करते, याची आठवण दिली तेव्हा लिहिलं.)

द्वादशीला पहाटेच पारण्याची पानं मांडली. उपवासाने पोटात कावळे ओरडत होते. या दोघांना पंगतीच्या दोन टोकांना बसवलं, मधे शेषगिरी. भात वाढायच्या आधी विषय काढला. दोन्हीकडून एकदम सरी, सरी, जाऊ दे तिला, असं आलं. शेषगिरीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं सांगून पाणी हातावर घेतलं. स्टेशनावर तर सगळ्यांच्या पुढे तोच, ट्रंक उचलून.

हयवदनचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. पण मी बोलले की वसू लिहिता लिहिता हसायची. हा नुसता लिहितो.

आठवण ठेवावी, निदान माशांच्या खालोखाल.

आजी

ता. क. फणसाचे पापड पाठव. थोरलं पुडकं परभारे म्हैसूरला, वसूला. धाकटं इथे. इथे एकाने नको म्हटलं की सगळे नको म्हणतील, उरलेले मला पुरतील.