मोरीच्या तोंडाची जाळी

बाबा, महामार्गाखालच्या त्या मोरीला जाळी बसवताना, पावसाच्या पाण्याशिवाय आणखी कोणी त्या वाटेने येत-जात असेल, असं तुमच्या मनात आलं होतं का? तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि हा प्रश्न मला आत्ता पडला आहे. हे लिहून वहीतच ठेवणार आहे.

मी तेव्हा चौथीत होते. निर्मळच्या आपल्या वाडीचं शिंपण उरकून तुम्ही रस्त्याच्या कामावर मुकादम म्हणून जायचात. एका रविवारी मला स्कूटरवर पुढे उभं करून तिथे नेलंत. डोंगरातून येणारा ओढा, वर धडधडणारे ट्रक आणि खाली मी ताठ उभी राहीन एवढी मोरी. तिच्या डोंगराकडच्या तोंडाला तुम्ही उभ्या सळ्या बसवल्या होत्या, चार-चार बोटांच्या अंतराने. "नकाशात नव्हती गं ही जाळी," तुम्ही म्हणालात. "पण वाडीत पाटाच्या तोंडाला आपण काठ्या रोवतो की नाही? नाहीतर केळीची पानं अडकून सगळं तुंबतं. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, बसव." साहेबांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं, अशी माझी त्या दिवशी खात्री पटली. ती अजूनही बरीचशी शिल्लक आहे.

घरातली पहिली पदवी घेऊन मी आता त्याच महामार्गाखालच्या मोऱ्या तपासते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल आहे, पण रस्त्याने त्याचे दोन तुकडे केले आहेत. वरून ओलांडायला गेलेली जनावरं चिरडली जातात. मोरी मोकळी असेल तर खालून जातात. कुठली मोरी मोकळी आहे, हे कॅमेरे लावून बघणं हे माझं काम. तुमच्या मोरीच्या फोटोंत मुंगूस सळ्यांमधून सहज आत जातं. साळिंदर येतं, सळ्यांना नाक लावतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरतं आणि चढावाने रस्त्याकडे जातं. सकाळी त्याचे काटे मला डांबरावर मिळाले. बाकीचं सांगत नाही.

कॅमेरा काढताना तुमच्या टोळीतले काका भेटले. आता मोऱ्यांची साफसफाई तेच बघतात, म्हणून जाळी काढायची आहे हे त्यांना सांगितलं. "काय गं, बापाची जाली कापायला कॉलेज शिकलीस?" ते म्हणाले. "एवढं पावसालं गेलं, पानी कधी तुंबलंय का इथं?"

"नाही तुंबलं, काका. पण साळिंदराला पाण्यासारखं पातळ होता येत नाही."

"मंग त्याला बी शिकव की!" ते हसले. मला हसता आलं नाही.

जाळी काढावी हा माझा अर्ज इंजिनिअर मॅडमनी परत केला. "जाळी कोणी, कशासाठी बसवली, हा रकाना मोकळा कसा? उद्या काढली आणि रस्त्यावर पाणी आलं तर? कारण कळल्याशिवाय मी हात लावू देणार नाही." त्या सगळ्या ऑफिसात कारण फक्त मला माहीत होतं. रकाना मी विसरले नव्हते, बाबा. तुमच्या कामावर माझ्या हाताने ठपका ठेवायला नको, म्हणून सोडला होता. मी गप्प राहिले असते तर तुमचं काम जागेवर राहिलं असतं, आणि रस्त्यावर काटेही.

पाला अडवायचाच आहे, तर मोरीच्या तोंडावर कशाला? ओढ्यात वीस पावलं वर विरळ खांब रोवले तर पाला तिथेच अडेल आणि जनावर बाजूने फिरून येईल. आत एका भिंतीलगत कोरडा कट्टा बांधला, की पावसाळ्यातही वाट चालू राहील. तुम्ही असतात तर हे माझ्याआधी सुचवलं असतंत. तुम्हाला साळिंदराचं कोणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी मी रकाना भरला. ‘जाळी माझ्या वडिलांनी बसवली. पाल्याने पाणी तुंबू नये म्हणून. पाण्यापुरतं त्यांचं काम बरोबर होतं. जनावरांची वाट मात्र बंद झाली. ती उघडावी.’ त्यासोबत खांबांचा आराखडा जोडला. एरवी मी आद्याक्षरांवर भागवते. या वेळी पूर्ण सही केली, मधे तुमचं नाव येतं तशी, आणि कागद मॅडमच्या हातात देऊन आले.