सासऱ्यांच्या घड्याळाचा पल्स

३ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल. सासरे महिनाभर राहायला आलेत. सोबत त्यांच्या बंद पडलेल्या कारखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ. तिथे ते टाइमकीपर होते. या घड्याळाला स्वतःची अक्कल नाही. दर मिनिटाला तारेतून विजेचा पल्स आला की काटा एक घर सरकतो. कारखाना बंद, पल्स बंद. सासरे म्हणाले, एकदा चालताना बघायचंय. मी म्हटलं, मायक्रोकंट्रोलरची चिप लावतो, संध्याकाळपर्यंत काम फत्ते. बायको गालात हसली. विश्वास!

४ जून
प्रोग्रॅम चार ओळींचा. मिनिटभर थांब, पल्स दे, पुन्हा तेच. काटा एकदा सरकला, मग ढिम्म. घड्याळातच खोट असणार.

७ जून
घड्याळात खोट नाही. पल्स एकदा सुलट, एकदा उलट द्यावा लागतो. सासऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी विचारात होतो.

८ जून, दुपार
चाललं!! सासरे खुर्ची ओढून समोर बसले. काटा सरकला की मान डोलवायचे. मग चष्मा काढून डोळे पुसले. मलाही भरून आलं. खुर्चीवरून उठता उठता त्यांनी विचारलं, पल्सला लागणारा वेळ मिनिटातून वजा केलात ना, जावईबापू? आता पल्स तो केवढा, पापणी लवेपर्यंत संपतो. तेवढ्याने काय होतंय! हो म्हणून टाकलं. या वयात त्यांना कशाला घोर.

१५ जून
रेडिओवरच्या सकाळच्या बातम्यांशी ताडून पाहिलं. तंतोतंत! ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, साहेबांना दोनदा. तक्रार एकच. स्वयंपाकघरातलं स्टूल रोज सकाळी हॉलमध्ये, घड्याळाखाली. या घरात शिस्त म्हणून नाही.

२ जुलै
सासरे परत गेले. घड्याळ मात्र इथेच ठेवलं. म्हणाले, तुमच्याकडे चालतंय, तर चालू दे. केवढा मान!

४ जुलै
घड्याळ मागे पडलंय. बायकोची बस चुकली. हवा दमट आहे.

५ जुलै
आणखी मागे. विजेचा दाब कमी असावा. प्रोग्रॅमवर संशय घ्यायचा प्रश्नच नाही. बायको आता मोबाइल बघून निघते. मुद्दाम, माझ्यासमोर.

६ जुलै, संध्याकाळ
सासऱ्यांचा फोन. घड्याळ कसं चाललंय? म्हटलं, एकदम करेक्ट. मग अगदी मायेने म्हणाले, सकाळच्या बातम्यांच्या आधी काटा रोज सात मिनिटं पुढे घ्यावा लागतो, आणि स्टुलाचा एक पाय डगमगतो, तेव्हा सांभाळून चढा.
फोन ठेवला. कुठे तोंड लपवावं कळेना. बायकोला विचारलं, तुला हे माहीत होतं? म्हणाली, स्टूल कोण धरत होतं मग?

७ जुलै, सकाळ
पल्स पापणी लवण्याएवढाच, पण दिवसातून चौदाशे चाळीस वेळा; प्रोग्रॅम दुरुस्त करायचाच. रविवारी नक्की. तूर्तास बातम्यांच्या आधी स्टुलावर चढलो. खरंच डगमगतं. बायको केव्हाच बस पकडायला गेली होती. धरायला कुणी नव्हतं.