ताईच्या मानेचा कल

२ मार्च

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुकानातून नवा चष्मा आणला आणि डोक्याला ताप झाला. सुईचं टोक दिसायला हनुवटी वर करावी लागते, तोवर टाका भलतीकडे पडलेला असतो. दुकानदार म्हणतो, सवय होईल. महिना झाला, सवय झाली ती त्यालाच, माझ्या तक्रारींची.

लेकीच्या लग्नाचा पोशाख अर्धा पडून आहे. बाहेर शिवायला देऊ या का, असं तिनं फार जपून विचारलं. ते जपणंच मनाला लागलं. चाळीस वर्षं शिवणावर घर चालवलं. आता सुई खाली ठेवावी म्हणते. तू जगाची भिंगं घडवतोस, बहिणीची आठवण ठेव.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुई ठेवू नकोस. भिंग चुकीचं नाही. ते चारचौघांच्या डोळ्यांसाठी केलंय, आणि तू चारचौघांसारखी कधी होतीस? नेहमीसारखी शिवायला बस. डोळ्यापासून सुईपर्यंत दोरा धरून लेकीला तोडायला सांग आणि तो पाठव. समोरून, बाजूनं फोटोही.

तुझी मान डावीकडे कलते, हे मात्र मला ठाऊक आहे. आई गेल्यावर आपल्या खोलीत एकच दिवा होता. मी अभ्यासाला बसलो की तू तो माझ्याकडे सरकवायचीस आणि उरलेल्या उजेडाकडे मान वाकडी करून शिवायचीस. मला वाटायचं, शिवणारे असेच बसतात.

जवळचं दिसणारा भाग मी वर आणि जरा डावीकडे घेतो. हा चष्मा फक्त शिवणाचा. तो घालून जिना उतरू नकोस.

माया आहेच, रागही असू दे.

तुझा,
भाऊ


६ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

चष्मा लावून नुसतं खाली पाहिलं, तर सुई जिथल्या तिथं. काल पोशाख पुरा झाला. लेक आरशासमोरून हलेना.

मग तोच चष्मा लावून तुझी पत्रं वाचत बसले. गेल्या दोन वर्षांतलं तुझं अक्षर थरथरतंय. मला वाटायचं, माझेच डोळे. तुझ्या बायकोला फोन केला. आधी तिनं टाळलं, मग रडली. हात थरथरतो म्हणून सगळं काम दुसऱ्यांकडे सोपवलंस म्हणे, पण माझ्या भिंगांना कुणाला हात लावू दिला नाहीस. तीन जोड्या बिघडल्या, चौथी जमली.

शनिवारच्या गाडीनं येते. सगळे शर्ट काढून ठेव. बटणं लावताना बोटं अडत असतील. त्या जागी टिचबटणं लावून देते. किती घट्ट असावीत, ते तुझा हात हातात घेऊनच ठरवीन.

तुझी,
ताई