कोपरातला चुना

टेमघर, भिवंडी
बुधवार

तीर्थस्वरूप दामूदाजींच्या चरणी धाकटा मेहुणा सावळाराम याचा दंडवत. दिघाशीत सगळे ठीक असाल. काशीताईचे गुडघे कसे आहेत? आणि तुमचं पोट कसं आहे? (हे आपलं सहज विचारलं.) फोनवर बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या दोन्ही कोपरांवरच्या गाठी तुम्हाला ठाऊकच आहेत. उष्णतेचे फोड समजून मी अकलोलीच्या गरम कुंडात हात बुडवून बसायचो. (उष्णतेवर गरम पाणी, ही अक्कल माझीच.) पुढे उजवा हात सरळ होईना, लूमवर तुटलेला धागा गाठता येईना. शेठ म्हणाला, ‘सावळाराम, हाथ ठीक करके आ, नहीं तो दूसरा आदमी रखता हूँ.’ तेव्हा डॉक्टर गाठला. तो म्हणाला, कातडीखाली कॅल्शियम साचलंय, कापून काढावं लागेल. मी गारच पडलो. ज्याने जन्मात दूध प्यायलं नाही, त्याच्या अंगात कॅल्शियम साचावं?

शनिवारी आधी डावं कोपर कापलं. हात बधिर, पण कान शाबूत. कढईची खरवड काढावी तसा आवाज, आणि आतून निघाला पांढराफेक लगदा. माझ्या अंगातून, दाजी. मी अजून सावरलेलो नाही. डॉक्टरने तो लॅबमध्ये तपासायला द्यायला म्हणून बाटलीत भरला आणि बाहेर नेऊन तुळजाला दाखवला, तर ही म्हणते, ‘जल्मभर तंबाखूत मळून खाल्ला, त्यो चुना कुठं जाणार? ह्यो बगा, हाय तसा निघाला.’ दोन्हीचा काही संबंध नाही हे डॉक्टर घसा फोडून सांगत होता. पण हिने घरी येताच माझी तंबाखू, चुन्याची डबी, सगळं गटारात टाकलं. तेव्हापासून घरात बोटभरही चुना नाही.

रविवारी तुम्ही वाट वाकडी करून मला बघायला आलात, फार बरं वाटलं.

तुमचा,
सावळाराम

ता. क. रविवारी लॅब बंद होती, म्हणून तपासणीची ती बाटली खिडकीत ठेवली होती. तुळजा आत चहा करत होती. तुम्ही खिडकीशी बसून तंबाखू मळलीत आणि म्हणालात, ‘सावळ्या, चुना झकास हाय, जीभ जराबी भाजत न्हाय.’ मी गोळीच्या गुंगीत ‘न्या मग’ म्हणालो. तुम्ही नेलात.

ता. क. दुसरा. रिपोर्ट पाहिल्याशिवाय डॉक्टर उजव्या कोपराला हात लावणार नाही, आणि शेठ दिवाळीपर्यंतच थांबणार. बाटली ताबडतोब पाठवा. संपली असेल, तर डावं कोपर पुन्हा उघडावं लागेल. दाजी, खरं सांगा, किती उरलाय?