नऊ नंबरचा शर्ट

चिमणे,

फुटबॉल क्लबचे शर्ट पोचवायला जातेय. पाठीवर नावं शिवायचं काम माझ्याकडेच आलं, म्हणून तुझ्याआधी मला कळलं. निवडलेल्या सोळा जणींत तू नाहीस. खेळात कमी पडली नाहीस, कोच स्वतः म्हणाले. फॉर्मवर विचारलं होतं, बाहेरच्या सामन्यांना मुलीला गाडीने कोण आणेल? मी खुळ्यासारखं ‘बसने येईल’ लिहिलं. पण तिकडे बस जातच नाही, आणि आपण गाडी आणणार कुठून?

पोळीभाजी झाकून ठेवलीय, खाऊन घे. खेळायला मागून आणलेले बूट शेजारच्या ताईला परत दे.

तुझ्या आवडत्या नऊ नंबरवर दुसरीचं नाव आहे. एकदा ते उसवून तुझं घातलं, डोळे भरून पाहिलं, आणि पुन्हा तिचं शिवलं. म्हणून निघायला उशीर झाला.

आई